लेप, मुलामा आणि कल्हई

भिंतीला आपण गिलावा करतो, अंगण सारवतो, दुखऱ्या गुडघ्यावर लेप लावतो, लाकडाला रोगण देतो, मिठाईवर वर्ख चढवतो, दागिन्याला सोन्याचा मुलामा देतो आणि पितळेच्या पातेल्याला कल्हई करतो. एका पदार्थावर दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर बसवणे, ही क्रिया या सगळ्यांत सारखीच आहे; पण मराठीने तिला एकच नाव दिलेले नाही. थर कशावर बसतो, कोणत्या बाजूने बसतो आणि कशासाठी बसतो, यांनुसार शब्द बदलतो. अलीकडे मात्र या अनेक शब्दांच्या जागी 'कोटिंग' हा एकच शब्द रुळू लागला आहे. उसन्या शब्दांविषयी माझ्या मनात आकस नाही. 'मुलामा' आणि 'कल्हई' हे शब्दही मुळात अरबीतलेच. परंतु एक शब्द जेव्हा अनेकांची जागा घेतो, तेव्हा त्या अनेकांमधला भेदही नजरेआड होतो. हा भेद व्यवहारात किती मोलाचा असतो, याचा प्रत्यय मला एका मोटारीच्या धुराच्या नळीने आणून दिला.

ही मोटार माझ्या भाच्याची. खरे म्हणजे त्याच्या वडिलांची. 'सॅन स्टॉर्म' हे तिचे नाव. गेल्या शतकाच्या अखेरीस भारतात तयार झालेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार आज रस्त्यावर क्वचितच दिसते. तिचे इंजिन रेनो कंपनीचे, सुमारे बाराशे सीसीचे, आणि तिची काया पत्र्याची नसून फायबरग्लासची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढलेल्या माझ्या मेहुण्यांनी ती जुन्या बाजारातून घेतली होती. नवरा-बायको आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबात दोघांचीच गाडी का आणली, या ताईच्या प्रश्नाला त्यांनी शेवटपर्यंत सरळ उत्तर दिले नाही. ते गेले तेव्हा गाडी बोईसरच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. भाचा त्याच वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरीला लागला आणि सुटीच्या दिवशी गाडीकडे पाहू लागला.

इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्यातून जळालेला वायू बाहेर पडतो. चार नळकांड्यांच्या चार नळ्या पुढे जाऊन एका नळीत मिळतात. या जुडग्याला कारागीर 'हेडर' म्हणतात. गाडीचा मूळ सुटा भाग मिळेनासा झाल्यावर मेहुण्यांनी बोईसरच्या एका फॅब्रिकेटरकडे बसून, त्याच मापाचा हेडर साध्या पोलादी नळ्या वाकवून आणि जोडून घेतला होता. प्रत्येक वळणाचे माप त्यांनी स्वतः घेतले होते. आता त्या नळ्यांवर गंजाचे पापुद्रे धरले होते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ती तपासणीही जवळ आली होती. भाच्याने विचारले, "मामा, हेडरला सिरॅमिक कोटिंग करून घेऊ का? तुम्हाला काय वाटतं?"

त्याला येणारा खर्च त्याच्या महिन्याच्या पगाराचा मोठा वाटा खाणारा होता. ताईचे मत वेगळेच होते. "गाडी विकून टाक. तिच्यापायी तुझे बाबा घाबरे व्हायचे, आता तू होतोस." माझे मत यंत्रज्ञ म्हणून विचारलेले नव्हते, हे उघड होते. आई आणि मुलगा यांच्यामध्ये उभे राहणारे तिसरे माणूस त्याला हवे होते. मी एवढेच म्हटले की, आधी तू ज्याला कोटिंग म्हणतोस ते नेमके काय, हे ठरवू.

येथे शब्दाने पहिली गंमत केली. बोईसर आणि पालघरच्या रस्त्यांवर 'सिरॅमिक कोटिंग' असे लिहिलेले फलक ठिकठिकाणी दिसतात. आम्ही दोन ठिकाणी चौकशी केली. दोन्हीकडे ज्याची किंमत सांगण्यात आली, तो गाडीच्या रंगावर चमक आणि पाणी न धरण्याचा गुण आणणारा पातळ थर होता. धुराच्या नळीला लागतो तो उष्णता अडवणारा लेप सर्वस्वी वेगळा. एकाचे काम उन्हापावसात रंग राखण्याचे, दुसऱ्याचे काम कित्येक शे अंश तापमानात तग धरण्याचे. नाव मात्र एकच. अनेकार्थी शब्दांचे उदाहरण म्हणून वर्गात सांगावे असे काही रस्त्यावर सहज सापडले.

'सिरॅमिक' हा शब्द ग्रीक आहे आणि त्याच्या मुळाशी कुंभाराची माती आहे. लोणच्याची बरणी सिरॅमिक, स्नानगृहातली फरशी सिरॅमिक. बोईसरच्या माणसाला आणखी एक सिरॅमिक जवळचे आहे, जरी ते कोणी डोळ्यांनी पाहिलेले नसले तरी. १९६९ पासून वीज देणाऱ्या तारापूर अणुवीज केंद्रातले इंधन म्हणजे युरेनियम ऑक्साइडच्या भाजलेल्या वड्या, त्याही सिरॅमिकच. त्या वड्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेल्या असतात आणि तेथे सारा खटाटोप उष्णता बाहेर काढून पाण्याला देण्याचा असतो. मोटारीच्या हेडरमध्ये नेमके उलट हवे असते. उष्णता नळीतच राहावी आणि वायूबरोबर मागे निघून जावी. म्हणून पदार्थाच्या नावाने निर्णय होत नाही. त्याने कोणते काम करायचे, हे आधी ठरवावे लागते.

भाच्याच्या मनात तीन कामे होती. पहिले बॉनेटखालची उष्णता कमी करण्याचे. इंजिनावर ताण असताना हेडरमधला वायू सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. पत्र्याच्या गाडीला याचे फारसे काही वाटत नाही. पण फायबरग्लासमधली साधी राळ शंभर अंशांच्या पुढे-मागे नरम पडू लागते. या गाडीच्या बाबतीत ही काळजी खरी होती. दुसरे काम गंज रोखण्याचे. पालघरचा किनारा खाऱ्या वाऱ्याचा आहे. सातपाटी, केळवे, चिंचणी येथल्या घरांच्या खिडक्यांचे गज पाहिले तरी तो वारा लोखंडाचे काय करतो ते कळते. तिसरे काम ताकद वाढवण्याचे. गरम वायू वेगाने वाहतो, म्हणून उष्णता नळीत राखली तर इंजिनाचा श्वास थोडा मोकळा होतो, हे खरे आहे. पण बाराशे सीसीच्या इंजिनात हा लाभ चालवणाऱ्याला जाणवण्याइतका नसतो. ते काम भाच्याने स्वतःच खोडून टाकले. उरली दोन कामे.

आता बाजूचा प्रश्न. दागिन्याचा मुलामा बाहेरून असतो, कारण तो पाहणाऱ्यासाठी असतो. पातेल्याची कल्हई आतून असते, कारण ती खाणाऱ्यासाठी असते. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली, तर ती कळकते. आंबट पदार्थ आणि धातू यांची गाठ पडू नये म्हणून मध्ये कथलाचा थर. हेडरला नुसता बाहेरून लेप दिला, तर शेजारच्या फायबरग्लासला दिलासा मिळतो; पण बाहेर पडू न शकणारी उष्णता नळीच्या धातूतच कोंडते आणि धातू पूर्वीपेक्षा अधिक तापतो. आतूनही लेप असेल तर वायूची आच धातूपर्यंत कमी पोहोचते. बाहेरचा लेप शेजाऱ्याला वाचवतो, आतला लेप नळीला वाचवतो. 'कोटिंग करायचे का' या प्रश्नात ही फोड दिसत नव्हती. 'मुलामा हवा की कल्हई' असे विचारताच ती दिसली. अर्थात कल्हई हा येथे केवळ दृष्टान्त. कथील २३२ अंशांनाच वितळते; हेडरमध्ये ते पळभरही टिकले नसते.

कोणी सुचवले की, लेपाऐवजी काचतंतूंची पट्टी नळीभोवती गुंडाळावी; ती स्वस्त पडते. पण अशी पट्टी पावसाचे पाणी आणि खारा दमट वारा धरून ठेवते. साध्या पोलादाला ओल्या कपड्यात बांधून ठेवण्यासारखेच ते. किनारपट्टीवर हा उपाय आम्ही विचारातही घेतला नाही.

माझ्या लहानपणी कल्हईवाला गल्लीत आला की आम्ही भोवती कोंडाळे करीत असू. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर आणि क्षणात रुपेरी होणारे पातेले, एवढेच तेव्हा लक्षात राही. पण त्याचा अधिक वेळ जाई तो त्याआधीच्या कामात, भांडे घासून लख्ख करण्यात. मळावर कथील धरत नाही. हेडरच्या लेपाचेही तसेच आहे. नळीवर कणांचा मारा करून गंज, काजळी, तेल सगळे काढावे लागते. मग लेपाची फवारणी आणि भट्टीत भाजणे. भाच्याने वसाहतीतल्या एका कार्यशाळेत पहिली पायरी तेवढी करून घेतली. लेपाचा निर्णय त्यानंतर घ्यायचा, असे ठरले.

गंज उतरल्यावर जे दिसले ते असे. चार नळ्या जेथे एकत्र येतात, तेथील जोडाला केसाएवढी भेग होती आणि एका वळणाची बाहेरची बाजू झिजून पातळ झाली होती. भेगेचे कारण समजण्याजोगे आहे. पोलादाची अर्धा मीटर नळी सहाशे अंशांनी तापली तर साधारण साडेतीन मिलिमीटरने वाढते आणि निवल्यावर पुन्हा आखडते. वर्षानुवर्षे हे चालले की ताण जोडावर येतो. झिजेचे कारण मात्र नुसता खारा वारा नव्हता. एक लीटर पेट्रोल जळले की जवळजवळ लीटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब चालली तर ती वाफ निघून जाते. पाच मिनिटे चालवून उभी केली तर नळीतच निवते. शेडमध्ये उभी असलेली ती गाडी मेहुणे अधूनमधून सुरू करीत, दोन मिनिटे तिचा आवाज ऐकत आणि बंद करीत. आजारपणात त्यांना तेवढेच जमत होते.

भाचा बराच वेळ ती नळी हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "भेग वेल्ड करून वरून लेप दिला, तर दिसणार नाही." मी म्हटले, "दिसणार नाही, हे खरं." यापुढे मी काही बोललो नाही आणि त्यालाही गरज वाटली नाही. दर्शनी कोणता लेप किती सुबक बसेल, हा आता प्रश्नच नव्हता. केसापेक्षा जाड नसणारा थर झिजलेल्या धातूला बळ देऊ शकत नाही. ज्या नळीला वाचवायचे, तीच पुरेशी उरली नव्हती. त्याला जपायचे होते ते वडिलांचे काम. आणि ते काम त्या पोलादात होते की त्या वळणांत, हे ठरवायचे होते.

त्याने ठरवले. जुना हेडर साच्यासारखा समोर ठेवून त्याच मापाचा नवा हेडर स्टेनलेस स्टीलचा करून घेतला. हे पोलाद साध्या पोलादाच्या साधारण एकतृतीयांशच उष्णता वाहून नेते. मात्र तापल्यावर अधिक प्रसरण पावते, म्हणून कारागिराने एका ठिकाणी सरकता जोड ठेवला. फायबरग्लासच्या बाजूला थोडे अंतर सोडून उष्णता परतवणारा पत्रा बसवला. लेप दिला नाही. स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अदृश्य थर आपोआप असतो. ओरखडा पडला, तरी हवेतल्या प्राणवायूने तो भरून येतो. खाऱ्या वाऱ्यापुढे हे पोलादही अजिंक्य नाही, पण देखभाल करणाऱ्या माणसाला ते पुरेसे आहे. लेपाचे राखलेले पैसे या कामी आले. थोडे वरही घालावे लागले.

ज्याची गाडी रोज शर्यतीच्या मैदानावर धावते, किंवा ज्याचा हेडर नवा आणि निर्दोष आहे, त्याने कदाचित लेपच निवडावा, आतून आणि बाहेरून. माझा मुद्दा लेपाच्या विरोधात नाही. पण कशावर, कोणत्या बाजूने आणि कशासाठी, हे तीन प्रश्न आपल्या जुन्या शब्दांत गुंफलेले होते. नव्या शब्दात ते आपले आपल्याला विचारावे लागतात. पुरातन मूर्तीला वज्रलेप देणारे असोत, जुन्या वाड्याला नवा गिलावा करणारे असोत, की बोलीभाषेवर प्रमाणभाषेचा थर चढवणारे माझ्यासारखे शिक्षक असोत, हे प्रश्न कोणालाच चुकत नाहीत.

नोंदणीचे नूतनीकरण झाले. ताईने गाडी विकण्याचा विषय पूर्णपणे सोडलेला नाही. पण तिने एक अट घातली आहे. गाडी सुरू करायची असेल तर ती बाहेर न्यायची, शेडमध्ये नुसती घुरघुरत ठेवायची नाही. त्यामुळे दर रविवारी भाचा बोईसरहून चिल्हार फाट्यापर्यंत जातो, इंजिन आणि नळ्या पुरत्या तापू देतो आणि परततो. शेजारच्या आसनावर बहुतेक वेळा ताईच असते.