शेफिल्डच्या भंगारातली हत्यारे

शेफिल्डमध्ये जुनी हत्यारे बहुतेक वेळा घरामागच्या शेडमधून बाहेर पडतात. घरातले आजोबा जातात, मुले दुसऱ्या गावी असतात, घर विकायला काढलेले असते. घर रिकामे करून देणारा व्हॅन घेऊन येतो. फर्निचरला आणि चिनी मातीच्या भांड्यांना गिऱ्हाईक मिळते. करवती, रंधे, पटाश्या, गिरमिटे मात्र एका खोक्यात कोंबली जातात आणि ते खोके रविवारी पहाटे कार बूट सेलला जाते. कधी शेड न उपसताच घराचा व्यवहार होतो. मग नवा मालक नाशिकचा असो की नायजेरियाचा, किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर कुणा अनोळखी सुताराचा संसार त्याच्या गळ्यात पडतो. तो भंगारात घालण्याआधी हत्यारांवरचे छाप वाचावेत.

या छापांत ‘शेफिल्ड’ हा शब्द वारंवार येतो. डॉन्कास्टरचा घड्याळजी बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या कमानीसाठी एकजीव पोलाद हवे होते. १७४०च्या दशकात शेफिल्डजवळ त्याने मातीच्या मुशीत, कोकच्या भट्टीत पोलाद पूर्ण वितळवून ओतण्याची रीत बसवली. या पोलादाच्या पात्यावर पुढे ‘कास्ट स्टील’ असा ठसा मारला जाऊ लागला. तो पाहून पाते बिडाचे आहे असे समजून बाजूला ठेवणारे आजही भेटतात. प्रत्यक्षात तो त्या काळच्या उत्तम मालाचा ठसा. मुशीच्या पोलादाची अशी एक भट्टी ॲबीडेल इंडस्ट्रियल हॅम्लेट या संग्रहालयात जागच्या जागी पाहायला मिळते. शहरातला बराच माल मोठ्या कारखान्यांत होत नसे. एकेका खोलीत बसून कुणी फक्त घडवी, कुणी फक्त धार काढी, कुणी मुठी बसवी. अशा स्वतंत्र कारागिरांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. अमेरिकी स्टॅनले कंपनीने १९३०च्या दशकात शेफिल्डमध्ये बस्तान बसवले, आणि त्याच दशकात शेफिल्डच्याच रेकॉर्ड कंपनीचे लोखंडी रंधे बाजारात आले. आज कार बूट सेलला सर्वाधिक दिसतात ते हेच: चार नंबरचा पावणेदहा इंची आणि पाच नंबरचा चौदा इंची.

इतका चांगला माल टाकला का जातो? विजेची यंत्रे आली हे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे करवतीच्या दातांत आहे. आजच्या स्वस्त करवतीचे दात विजेच्या साहाय्याने टोकाशी इतके कडक केलेले असतात की त्यांवर कानस चालत नाही. दात निळसर-काळे दिसले की ओळखावे. ती बोथट झाली की फेकायची आणि नवी आणायची. जुनी करवत तिकोनी कानशीने पुन्हा पुन्हा पाजवता येते, पण त्यासाठी पाजवणारा लागतो. तो व्यवसायच आटला. धार गेलेली जुनी करवत आणि धार गेलेली नवी करवत, दोन्ही लोकांच्या नजरेत सारखीच निकामी ठरली.

कार बूट सेल म्हणजे मैदानात रांगेने लावलेल्या मोटारी आणि डिकीतून काढून टेबलावर मांडलेला घरचा पसारा. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराशी त्याची तुलना करण्याचा मोह मराठी माणसाला आवरत नाही, आणि आवरण्याचे कारणही नाही. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथला विक्रेता व्यापारी असतो. लोखंडी वस्तू हातात घेतली की ती कशाची, किती वजनाची आणि समोरच्याला किती निकडीची, हे त्याने ताडलेले असते. गिऱ्हाईक जितके बेफिकीर दिसेल तितका भाव उतरतो, म्हणून दोघेही नाटक करतात. न खपलेली कानस लोहाराकडे जाऊन पटाशी होते, ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता होतो. लोखंड वाया जात नाही. कार बूट सेलमधला विक्रेता बऱ्याचदा आपल्या मामाचे सामान विकत असतो आणि त्याला त्यातले काही कळत नसते. भाव तो पावलागणिक बदलत नाही. फार तर तीनचे दोन पाउंड करतो, तेही हसून. त्याला पैशांपेक्षा मोटार रिकामी करायची घाई असते. दुपारी उरलेले सामान थेट कचराकेंद्रात जाते. माणसे म्हणून इथले विक्रेते जास्त सोयीचे. पण लोखंडाची कदर जुन्या बाजारालाच, यात शंका नाही. इथेही पहाटे टॉर्च घेऊन येणारे व्यापारी असतात. सात वाजता दिसतो तो त्यांनी चाळून उरलेला माल.

पालिकेच्या कचराकेंद्रात पडलेली वस्तू उचलू देत नाहीत, ती कितीही चांगली असली तरी. रस्त्यावर ठेवलेल्या मोठ्या कचरापेटीतली वस्तूही कायद्याने कुणाची तरी मालमत्ताच असते. दार वाजवून विचारले की बहुतेक लोक ‘न्या’ म्हणतात.

विकत घेण्याआधी प्रत्येक हत्यार वेगळ्या ठिकाणी तपासावे लागते. रंध्याचा तळ बिडाचा असतो आणि जमिनीवर पडला की तडकतो. पाते जिथून बाहेर येते त्या फटीच्या कोपऱ्यांत बारीक रेघ दिसते का, ते उजेडात धरून पाहावे. तडा असेल तर रंधा खाली ठेवावा. मूठ तुटलेली असली तरी चालते, मुठीचा स्क्रू हरवलेला चालत नाही: स्टॅनलेचे आटे नेहमीच्या मापांचे नाहीत, त्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाच स्क्रू त्यात बसत नाही. करवत डोळ्यांसमोर धरून दातांच्या रेषेतून पाहावी. सौम्य बाक काढता येतो, मुरड काढणे कठीण. पटाशीचा बेव्हल, म्हणजे धारेकडची उतरती बाजू, सगळे पाहतात, पाठ कुणी पाहत नाही. धार म्हणजे दोन पृष्ठभाग मिळतात ती रेघ. पाठीवर टोकाजवळ गंजाचे खड्डे असतील तर बेव्हल कितीही घासला तरी धारेत खाचा राहतात. टोकाला निळी झाक असेल तर कुणीतरी मशीनवर घाईने घासून तिचे पाणी घालवले आहे. तेवढा भाग झिजवून काढल्याशिवाय धार टिकणार नाही.

लाकडी रंध्यात कीड लागल्याची भोके पाहावीत, पण त्यातले जाड पाते वेगळे जपावे. धार लावताना बेव्हलवर एक आडवी रेघ उमटते: वर मऊ लोखंडाचा मंद राखाडी रंग, खाली पोलादाचा चकचकीत पट्टा. धारेपुरते पोलाद लोखंडावर तापवून जोडलेले असते. आपल्याकडचा लोहार कुऱ्हाडीला पोलाद लावतो ते याच कारणाने.

गंज काढण्याबद्दल मात्र सविस्तर सांगणे भाग आहे, कारण जुनी हत्यारे गंजाने जेवढी बिघडत नाहीत तेवढी साफसफाईने बिघडतात. ड्रिलला तारेचा ब्रश लावून पाते आरशासारखे चमकवणे हा सर्वांत लोकप्रिय उपाय आणि सर्वांत वाईट. त्यात करवतीवर कोरलेले कारखान्याचे चिन्ह पुसले जाते, कडा गोल होतात. वरवरच्या गंजाला रॉकेलसारखे पातळ तेल आणि बारीक पोलादी काथ्या पुरेसा. खोल गंजाला सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व. भारतीय वाणसामानाच्या दुकानात ते हमखास मिळते. एक लिटर पाण्यात साधारण पन्नास ग्रॅम विरघळवून त्यात लाकूड काढलेले हत्यार बुडवावे आणि दर तास-दोन तासांनी ब्रशने घासून पाहावे. रात्रभर विसरले तर आम्ल चांगले पोलादही खायला लागते. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळून लगेच कोरडे करून तेल लावावे, नाहीतर पंधरा मिनिटांत नवा तांबूस गंज चढतो.

विजेने गंज काढायचा तर प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचे पाणी घ्यावे, हत्यार बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडावा. दोन्ही एकमेकांना लागू देऊ नयेत. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार सुटतात. हायड्रोजन वायू निघतो, म्हणून हे काम उघड्यावर. लाकडी मुठींना जवसाचे तेल उत्तम. पण तेलाची चिंधी चुरगाळून टोपलीत टाकू नये. ती आपोआप तापून पेट घेते. चिंधी पसरून वाळवावी, मगच टाकावी.

विकत घेतलेली पटाशी बसमधून नेण्याचाही प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ठिकाणी योग्य कारणाशिवाय धारदार वस्तू बाळगणे गुन्हा आहे. नुकतीच विकत घेऊन घरी नेणे हे योग्य कारण आहे, तरी पाते पुठ्ठ्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवणे शहाणपणाचे. तीच पटाशी खिशात ठेवून आठवडाभर फिरण्याला कारण नाही. भारतात नेताना ती चेक-इन सामानातच जाते, आणि पाच नंबरचा रंधा सामानातले दोन-सव्वादोन किलो खातो. घडीची मोजपट्टी हस्तिदंताची असेल तर तिची खरेदी-विक्री ब्रिटनच्या हस्तिदंतविषयक कायद्यात अडकते. २०२२पासून तो लागू आहे.

जमवणाऱ्यांचे प्रकार अनेक. शेफिल्डमध्ये हत्यारांचे दुकान चालवणारे केन हॉली (१९२७–२०१४) यांनी विकण्यासारखी हत्यारे तर जमवलीच, शिवाय अर्धवट घडवलेले नग, हत्यारे बनवायची हत्यारे आणि कंपन्यांची सूचिपत्रेही राखली. तो संग्रह केल्हम आयलंड संग्रहालयात आहे, आणि अर्धवट नगांच्या रांगेपुढे उभे राहिल्यावर कानस कशी घडते ते पायरीपायरीने दिसते. दुसऱ्या टोकाला पबच्या भिंतीवर वार्निश फासून खिळ्यांनी ठोकलेल्या करवती. त्या बहुधा कायमच्या वाया गेलेल्या असतात. मधल्यांपैकी काही जण वापरतात, काही नुसतेच कपाट भरतात. एका माणसाला लागणाऱ्या पटाश्या चार-पाच. उरलेल्यांसाठी टूल्स फॉर सेल्फ रिलायन्ससारख्या संस्था आहेत. १९८०च्या सुमारास सुरू झालेली ही संस्था दान आलेली हत्यारे दुरुस्त करून आफ्रिकेतल्या कारागिरांकडे पाठवत असे. असे काम करणाऱ्या संस्थांना पूर्ण, न तडकलेली हत्यारे हवी असतात; तडा गेलेला रंधा तिथेही चालत नाही, पण त्याचे पाते आणि स्क्रू काढून सुट्या भागांत ठेवावेत.