इसकू कोन बघेंगा?

2017 च्या एप्रिलात ऊस तुटून गेल्यावर अब्बांनी रानात बकरी बसवली. आमच्या कोल्हापूर भागात मेंढरांच्या कळपालाही बकरीच म्हणतात. धनगर दोन-तीन रात्री कळप रानात बसवतात, लेंडीखत पडतं आणि शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. त्या धनगरांजवळ कारवान जातीची एक कुत्री होती, नुकती पिलं झालेली. माझी बारावीची परीक्षा संपलेली होती, काम काही नव्हतं. तीन दिवस मी त्या पिलांपासून हललो नाही. चौथ्या दिवशी कळप उठला, तेव्हा त्यांच्यातल्या म्हाताऱ्या मामांनी एक पिलू उचलून माझ्या हातात ठेवलं. मी ते खताच्या रिकाम्या पोत्यात घालून कसबा बावड्यातल्या आमच्या घरी आणलं.

अम्मी सोप्यात तांदूळ निवडत होती. पोत्यातून लांबुडकं तोंड बाहेर आलेलं बघून तिनं ताट बाजूला सारलं आणि एकच प्रश्न विचारला, "इसकू कोन बघेंगा?"

"मी बघणार," मी म्हणालो.

दादीमांचा प्रश्न वेगळा होता. ज्या घरात कुत्रा, त्या घरात फरिश्ते येत नाहीत, ही हदीस त्यांनी मला लहानपणापासून ऐकवलेली होती. त्या म्हणाल्या, आधी इमामसाहेबांना विचार, मग पोतं खाली ठेव. मी अस्रनंतर मशिदीत थांबलो. इमामसाहेबांनी शांतपणे समजावलं. शिकारीसाठी, जनावरांच्या राखणीसाठी किंवा शेताच्या राखणीसाठी कुत्रा ठेवायला परवानगी आहे. निव्वळ हौसेसाठी ठेवला तर माणसाच्या सवाबातून रोज घट होते, असं हदीसमध्ये आलं आहे. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "शेतासाठी की शौकासाठी?"

"शेतासाठी," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. आदल्याच वर्षी आमच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती आणि 30 गुंठ्यांच्या उसात रानडुकरं शिरत होती. पण ते पुरतं खरंही नव्हतं. मला तो कुत्रा हवा होता, कारण तो उंच होणार होता, वाऱ्यासारखा पळणार होता, आणि त्याला दोरीनं धरून भगव्या चौकातून जाताना पोरं वळून बघणार होती. आज सांगतो, तेव्हा सांगितलं नाही.

नाव ठेवलं शेरा. अब्बांनी तो घरात नाही, मळ्यातल्या खोपीत राहील, असा निकाल दिला आणि दादीमाही गप्प झाल्या.

कारवान कुत्र्याबद्दल थोडं सांगायला हवं. यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या बादशहालाही या जातीची जोडी नजर केली. 2005 साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं आणि पुढे लष्करानंही ती घेतली. खांद्याशी सव्वादोन फुटांच्या वर उंची, पोट आत ओढलेलं, बरगड्या मोजता याव्यात अशा. वाटेनं जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "ह्येला खायला घालत न्हाईस व्हय?" पण ही त्याची ठेवणच आहे. तो वासानं नव्हे, नजरेनं शिकार करतो; दूरवर काही हललं की सुटतो. परक्यानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. कारवाँबरोबर, म्हणजे तांड्यांबरोबर आला म्हणून कारवान, असं म्हणतात. अरबांकडचा सलुकी हा याच बांध्याचा, आणि त्याला तर अरब लोक आपल्या तंबूत घेत.

माझे दादाजी असते तर त्यांनी माझी बाजू घेतली असती, असं मला उगाच वाटायचं. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म आमच्या बावड्यातल्या लक्ष्मी-विलास राजवाड्यातला, 26 जून 1874 चा. महाराजांच्या कोल्हापुरात शिकारीचे चित्ते पाळले जात आणि त्यांना वागवणाऱ्या चित्तेवानांमध्ये मुसलमान घराणी होती. शिकवलेल्या जनावरानं अल्लाहचं नाव घेऊन केलेली शिकार हलाल आहे, हे तर सूरह माइदामध्येच आलं आहे. हे सगळं मी कॉलेजच्या कट्ट्यावर मोठ्या तोऱ्यात सांगायचो. त्या वेळी शेरा कुठे असायचा? मळ्यात, साखळीला.

जूनमध्ये मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. सकाळी सातला के.एम.टी.ची बस धरायची, लेक्चर, मग प्रॅक्टिकल, घरी यायला चार-साडेचार. पहिले दोन महिने मी फज्रनंतर मळ्यात जाऊन त्याला पळवून आणत असे. मग पाऊस लागला. मग युनिट टेस्ट आल्या. मग मित्र झाले. सकाळची फेरी संध्याकाळवर गेली, संध्याकाळची रविवारवर. पळण्यासाठी घडलेलं जनावर दिवसाचे वीस-बावीस तास सहा फुटांच्या साखळीत. तो भुंकत नसे, म्हणून कुणाला कळतही नव्हतं. त्यानं स्वतःचा पुढचा पाय चाटून चाटून केस घालवले, लाल चट्टा पाडला. मी हळद लावली आणि कॉलेजला गेलो.

दिवाळीच्या सुमारास पाय बरा झालेला दिसला. अंगही भरलं होतं. मला वाटलं, हळदीचा गुण.

डिसेंबरात शेजारच्या रानातले काका वाटेत भेटले. म्हणाले, "आरं, भाभी रोज दुपारी त्येला मोकळा सोडत्यात की. नुसता रानभर पळतोय. भाकरीची थाळी वाजवली की मागारी येतोय बघ."

मला खरं वाटेना. अम्मी? कुत्रा जवळून गेला तरी पदर सावरून कपडे बदलणारी अम्मी? दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी दुपारी उसाच्या आडोशाला उभा राहिलो. ती शेळ्यांना वैरण घालायला रोज मळ्यात येतच असे. अब्बा कारखान्यात फिटर, त्यामुळे दुपारचं रान तिचंच. शेळ्या झाल्यावर तिनं खोपीतल्या खुंटीवरची एक जुनी ओढणी काढली, उजव्या हाताला कोपरापर्यंत गुंडाळली आणि त्या हातानं साखळीची कडी सोडली. शेरा सुटला. ती बांधावर बसून राहिली. थोड्या वेळानं तिनं थाळी वाजवली. तो आला, मान खाली घालून उभा राहिला, तिनं त्याच ओढणीच्या हातानं कडी अडकवली. मग भाकरी आणि दूध. तो खाईपर्यंत ती लांब बसली. नंतर थाळी घेऊन पाटावर गेली, एकदा मातीनं घासली आणि मोजून सात वेळा धुतली.

आमच्या हनफी मसलकात तीन वेळा धुणं पुरतं, सात वेळा धुणं उत्तम मानतात. पण अम्मीची धाकटी बहीण रत्नागिरीला दिलेली. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्याकडे हे नियम जास्त कडक. त्या खालांचा धाक आमच्या घरात इमामसाहेबांपेक्षा जास्त आहे, म्हणून सात.

मी आडोशातून बाहेर आलो. ती दचकली नाही. "ओढणी धुऊन वेगळी ठेवते," एवढंच म्हणाली, जणू मी तिची चूक पकडली होती.

"मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितलं असतं, तर तू चार दिवस आला असतास." मग थाळी पुसत म्हणाली, "बांधून ठेवलेल्या मुक्या जनावराचा जाब कुणाला द्यावा लागतो? कुत्रा तू आणलास, पण रान आमचं आहे. साखळी आमची आहे."

तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याबद्दल अल्लाहनं ज्याची बक्षीस केली, त्याची हदीस आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेली आहे. आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईचीही. ती दुसरी हदीस मला त्या दिवशी प्रथमच स्वतःबद्दल वाटली.

त्यानंतर मी सुधारलो, असं लिहायला बरं वाटलं असतं. थोडा सुधारलो. रेबीजची लस दरवर्षी तारीख लिहून ठेवून देऊ लागलो. ट्यूशनच्या पैशांतून त्याच्या दुधाचा आणि अंड्यांचा खर्च उचलला, महिन्याला हजार-बाराशे. ईदनंतर शेजारची पोरं शिजलेली हाडं आणून टाकत, ती बंद केली. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं आणि आतडं फाडतं. सकाळची फेरी आठवड्यातून तीन-चार दिवस होऊ लागली. दुपार मात्र अम्मीचीच राहिली. कॉलेजच्या वयात मोठा कुत्रा पाळू बघणाऱ्या मुलांना माझं एकच सांगणं आहे, की आपल्या वेळापत्रकातल्या दुपारी आधी बघा. कुत्र्याचा दिवस दुपारीच सर्वांत लांब असतो.

मग 2019 चा ऑगस्ट आला. मी तिसऱ्या वर्षाला होतो आणि एका सेमिनारसाठी साताऱ्याला गेलो होतो. पावसानं आठ दिवस धरून ठेवलेलं होतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, आणि तो बंधारा आमच्याच बावड्याजवळ. त्यामुळे 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका हे आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पाणी धोक्याच्या पुढे गेलं, शियेचा रस्ता बंद झाला. शेळ्या घरी आणल्या होत्या. आमचं रान नदीकाठचं नव्हे, जरा वरच्या अंगाला. 2005 च्या महापुरातही पाणी बांधापाशी येऊन थांबलं होतं. म्हणून शेरा खोपीतच होता. मी परत निघायच्या आधी हायवेवर शिरोलीजवळ पाणी आलं आणि वाहतूक थांबली. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं.

मी रात्री फोनवर अब्बांना विचारलं, "शेरा?" ते म्हणाले, "पाणी बांध ओलांडतंय. सकाळी बघू." मी म्हणालो, सकाळपर्यंत... आणि पुढे बोललो नाही. मी साताऱ्यात कोरड्या खोलीत बसून आपल्या बापाला पुराच्या पाण्यात जा म्हणून कसं सांगणार?

पुढचं मला अब्बांनीच सांगितलं. फोन ठेवला, तर अम्मी बॅटरी घेऊन दारात उभी. त्यांनी खूप समजावलं. शेवटी दोघं गेले, शेजारचे काकाही आले. पाणी मांडीपर्यंत होतं, ओढ नव्हती. शेरा खोपीच्या कट्ट्यावर चढून उभा, साखळी पाण्यात ताणलेली. तो थरथरत होता आणि अब्बांवर, काकांवर दात काढत होता. अम्मी पुढे झाली. खुंटीवरची ओढणी वाहून गेली होती. तिनं उघड्या हातानं कडी सोडली आणि उघड्या हातानंच त्याचा पट्टा धरून, त्याला अंगाशी लावून, पाण्यातून बांधापर्यंत आणलं.

आमच्या गल्लीत पाणी आलं नाही. शेरा त्या रात्री प्रथमच घरात आला, परसातल्या न्हाणीशेजारी. दादीमांनी त्याच्यासाठी गोणपाट टाकायला सांगितलं. अम्मीनं कपडे बदलले, हात-पाय धुतले, वजू करून इशाची नमाज पढली. त्या आठवड्यात शहराचा पाणीपुरवठा बंद होता, टँकरच्या मागे घागरी घेऊन पळावं लागे. सात वेळा थाळी धुणारी अम्मी तीन वेळांवर आली. रत्नागिरीच्या खालांना हे आम्ही आजवर सांगितलेलं नाही.

12 तारखेला बकरी ईद होती. मी ईदनंतरच घरी पोहोचलो. शेरा मला बघून शेपूट हलवत आला, हात चाटला आणि परत जाऊन न्हाणीपाशी, अम्मी भांडी घासत होती तिथे बसला. माझ्या मनात आलेली पहिली गोष्ट मत्सराची होती. दुसरी लाज.

पूर ओसरल्यावर तो मळ्यात गेला, पण पावसाच्या रात्री अम्मी त्याला घरी आणायला लावायची. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, कॉलेज बंद झालं, आणि तीन वर्षांत जो नव्हता तो सगळा वेळ माझ्या हातात आला. मी सकाळ-संध्याकाळ त्याला मळ्यात पळवू लागलो. तो यायचा, आनंदानं यायचा. पण परतताना घराची गल्ली आली की दोरी पुढून ओढली जायची.

त्यातल्या एका जुम्याची दुपार. मशिदीत जमायला बंदी, आम्ही घरीच जुहर पढलेली. अम्मी सोप्यात बसून सूरह कहफ वाचत होती, दर शुक्रवारी वाचते तशी. गुहेतल्या त्या तरुणांबरोबर एक कुत्रा आहे, उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला. ते किती जण होते यावर लोक वाद घालतात, तीन की पाच की सात, आणि दर वेळी मोजणीत शेवटी कुत्रा धरलेला आहे. शेरा उंबऱ्याच्या बाहेर, पायरीवर पाय लांब करून पडला होता. मी दोरी वाजवली. त्यानं एक कान उचलला आणि माझ्याकडे नाही, आत बघितलं.

अम्मीनं नजर वर केली नाही. ओठ हलत राहिले. डाव्या हाताचं बोट वाचत्या ओळीवर ठेवून तिनं उजव्या हातानं नुसतं जा म्हणून खुणावलं.

मग तो उठला.