आधी उतार, मग चढ

बुलढाणा घाटाच्या माथ्यावर वसलेलं, म्हणून इथल्या माणसाची डोंगरभटकंती उलटी. सह्याद्रीतला गडी सकाळच्या गारव्यात गड चढतो आणि उन्हं कलताना उतरतो. आमच्याकडे ताजे पाय उतारावर खर्च होतात, चढ उरतो तो ऊन डोक्यावर आल्यावर. राजूर घाट तसाच. लोणारचं विवर तर त्याहून.

पूर्वी कुणी कुठवर जायचं, हे घरातली म्हातारी माणसं ठरवत. किलोमीटर कुणी विचारत नसे. सोबत कोण, वाटेत पाणी कुठे, आणि ऊन तापायच्या आत वर याल का, एवढंच. आबांचा खाक्या ठरलेला: "उतराले काय लागते, गोटाबी उतरते. चढाचं सांग." मग फिरकीचा तांब्या, फडक्यात भाकरी-ठेचा, पायात असेल ती चप्पल. लोणारात धारेपाशी तोंड धुवायचं, झाडीतून कमळजादेवीपर्यंत जायचं आणि दहाच्या आत काठावर परत.

स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथनं १८९२ साली असाच हिशेब मांडला: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. डोंगरवाटांचा अंदाज बांधायला तो आजही जगभर वापरतात. त्या हिशेबानं लोणारचा दीडशे मीटरच्या आसपासचा चढ म्हणजे जादा पाव तास. कागदावर! मे महिन्यात त्या खड्ड्यात वारा अडतो, तेव्हा पाव तासाचा तास होतो. थंड हवेच्या माणसानं बांधलेल्या हिशेबात ऊन कुठून यावं? आबांच्या हिशेबात ते सगळ्यात आधी होतं.

आता लोणार अभयारण्य आहे, २००० सालापासून. २०२०मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव लागलं, त्याच वर्षी पाणी गुलाबी झालं आणि जगानं फोटो पाहिले. अलीकडे पाणी वाढून देवीच्या देवळाला टेकलं, त्यामुळे तळाच्या जुन्या वाटेचा भरवसा राहिलेला नाही. गुडघे कुरकुरणाऱ्या पाहुण्याला मी आता काठावरूनच फिरवतो. विवराचा व्यास १.८ किलोमीटर, म्हणजे भोवतीचा फेरा साधारण पावणेसहा. चढउतार बेताचा, आणि खरं सांगायचं तर विवराचा गोल आकार वरूनच कळतो. खाली गेल्यावर नुसतं तळं दिसतं.

बोथ्याकडच्या ज्या रानात आम्ही सीताफळं, टेंभरं शोधत हिंडलो, ते आता ज्ञानगंगा अभयारण्य. तिथं जीपमधून सफारी करायची. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. अस्वलाच्या रानात सीताफळासाठी शिरणं म्हणजे शौर्य नव्हे, नशीब होतं. शिवाय २०१९ साली टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन तेराशे किलोमीटरच्या वर चालत इथंच येऊन राहिला. पायी हिंडायचा हक्क कुणाला द्यायचाच, तर त्याला.

जुन्या दिवसांची गोडी सांगताना एक गोष्ट मात्र आम्ही पुरुष हमखास गाळतो. त्या वाटा निम्म्याच घराला मोकळ्या होत्या. आई, काकू विवरात उतरल्या त्या नवरात्रात, देवीच्या नावानं, डोक्यावर पदर आणि काखेत पोर घेऊन. नुसतं चालायला म्हणून बाई घाटात गेली असती, तर गावभर चर्चा झाली असती. आज पहाटे राजूर घाटाच्या वरच्या वळणांवर बायकांचे घोळके दिसतात, पायात स्पोर्ट शूज, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. जाताना उतार, येताना चढ, आणि चढावरही गप्पा चालूच. बिबट्याचं विचारलं तर हसतात. त्यांची तक्रार आहे ती वळणावर हॉर्न न देता घुसणाऱ्या मोटारसायकलींची.