टाकी मोठी की तोटी मोठी?

बॅटरीवरच्या 'एएच'चा अर्थ काय, हा प्रश्न व्हायव्हात हमखास येतो. 'अँपिअर-अवर' म्हटलं की सर पुढच्या रोल नंबरकडे वळतात. पण त्या आकड्यावरून बॅटरी किती जोर लावेल हे कळतं का? नाही कळत. आपल्या शहरातल्या माणसाला हे समजायला खरं तर पुस्तक लागू नये. वर्षानुवर्षं पाण्याच्या पाळ्या मोजणारी आपली घरं. एखाद्याच्या गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी असते, पण तोटी बारीक. बादली भरेपर्यंत माणूस पेंगतो. शेजारची टाकी पाचशेचीच, पण पाइप रुंद. बादली भसकन भरते. एएच म्हणजे टाकी. तोटीचा आकार त्या आकड्यात नाही.

शहागंजमध्ये माझ्या मामाचं घर आहे, टॉवरजवळच्या एका गल्लीत. 2024 च्या डिसेंबरात मी तिथे मुक्कामाला होतो. आजोबांचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असायचं, जालना रोडवरच्या दवाखान्यात, सकाळी सहाची पाळी. पाळी चुकली तर मशीन पुढच्या पेशंटला जातं. त्यात दोन महिन्यांपूर्वी मांडीचं हाड मोडल्याने पाय दुमडत नव्हता, त्यामुळे रिक्षा बाद. मागच्या सीटवर पाय लांब करून त्यांना नेणारं एकच वाहन होतं, मामाची 2008 ची मारुती 800. (कंपनीने ही गाडी 2014 साली बंद केली. मामाने अजून नाही.)

त्या दिवशी पाच वाजता आजोबांना उचलून आत बसवलं, मामाने किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक.

हा आवाज नीट ऐकण्यासारखा असतो. सोलेनॉइड ओढला जातो, स्टार्टरने करंट मागताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज वर येतं आणि पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी पूर्ण मेलेली नाही, फक्त ओझं सोसत नाही. जुनी बॅटरी, तीन-चार दिवस न हललेली गाडी आणि वर थंडी. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातलं ऑइल घट्ट होतं. घेणारा जास्त मागतो तेव्हाच देणारा आखडता हात घेतो!

"ढकलूया," मामी म्हणाली. पण गल्लीत दोन्ही बाजूंना साखळीने बांधलेल्या हातगाड्या. गाडी वळत वळत बाहेर निघते, पण धक्क्याला लागणारा सलग वेग मिळत नाही. शिवाय ही एमपीएफआय गाडी. कार्बोरेटरवाल्या जुन्या 800 चा पेट्रोल पंप इंजिनच चालवायचं, हिचा पंप विजेवर आणि वर ईसीयू. व्होल्टेज फार खाली असलं तर कितीही ढकला.

मामा पुन्हा पुन्हा किल्ली मारत होता. समोरच्या घरातले चाचा आवाजाने बाहेर आले. ग्रिल-शटरचं वेल्डिंग हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा.

"बेटा, सेल्फ नक्को मारो अब. जित्ती है उत्ती बी जाएगी."

आणि त्यांनी आपली बुलेट हँडलला धरून मारुतीच्या नाकाशी आणून लावली. सीटखालच्या पट्टीवर लिहिलेलं होतं: 12 व्होल्ट, 14 एएच. मामाच्या गाडीची होती 35.

"चाचा, एवढीशी बॅटरी ही गाडी काय फिरवणार?" मामा म्हणाला.

हिशेब मी करून सांगितला. छोट्या पेट्रोल गाडीचा स्टार्टर फिरताना साधारण शंभर अँपिअर घेतो. तीन सेकंद धरा: तीनशे अँपिअर-सेकंद. 3600 ने भागा, 0.083 एएच. बुलेटच्या टाकीतून एक टक्कासुद्धा पाणी जात नाही. प्रश्न एवढाच की तिच्या तोटीतून शंभर अँपिअर बाहेर येतील का, आणि आले तर वाटेत किती गळतील.

मामाने घरातून फिटिंगची वायर आणली होती, अडीच स्क्वेअर एमएमची. इथे ओहमच्या नियमाला दया नाही. जाऊन-येऊन तीन मीटर तांबं म्हणजे 0.021 ओहम. शंभर अँपिअरला 2.1 व्होल्ट वायरमध्येच खलास. बुलेटच्या बॅटरीचा अंतर्गत रोध 0.015 ओहम धरला तर आणखी दीड व्होल्ट. साडेबारातून उरले नऊच्याही आत. एवढ्यात ईसीयूसुद्धा कुरकुरतो.

चाचांनी ती वायर हातात घेऊन पाहिली आणि काही न बोलता बाजूला ठेवली. दुकानातून वेल्डिंगच्या केबलचे दोन तुकडे आणले, एका टोकाला थिंबल, दुसऱ्याला अर्थिंगचा चिमटा. पस्तीस स्क्वेअर एमएम. तेवढ्याच लांबीत 0.15 व्होल्ट! माणसाने ओहमचं नावही न घेता चाळीस वर्षं हाच हिशेब हाताने केलेला आहे. वेल्डिंगची केबल बारीक असली तर आर्क लागत नाही, केबल तापते. आपण लॅबमध्ये रीडिंग जुळवतो ते वेगळं.

थिंबल बुलेटच्या टर्मिनलना बोल्टने कसले. प्लसचा चिमटा गाडीच्या प्लसला. मायनसचा चिमटा मात्र बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडावर. शेवटची जोडणी करताना ठिणगी पडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. बुलेट बंदच ठेवली. तिचा अल्टरनेटर जेमतेम काही अँपिअरचा, त्याने काय होणार.

"अब रुको," चाचा म्हणाले.

साडेपाच वाजले होते. आजोबांनी आतून विचारलं, "निघायचं ना?" मामी त्यांच्या अंगावरची शाल नीट करत राहिली. मामाला थांबणं सोसत नव्हतं, पण ती दहा मिनिटं फुकट नव्हती. बुलेटची बॅटरी तेवढ्या वेळात गाडीच्या बॅटरीत थोडं पाणी ओतत होती, म्हणजे किल्ली मारताना दोघी मिळून ओढतील. गाडीच्या बॅटरीची तार काढून टाकली तर बुलेटवरचा भार कमी होईल, अशी सूचना मामाने केली. ती मी हाणून पाडली. इंजिन सुरू असताना बॅटरी जागेवर नसेल तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि ईसीयूचं बिल येतं.

पाच चाळीसला किल्ली. पहिल्यांदा जड, कण्हल्यासारखा एक फेरा, मग दुसरा, आणि इंजिन लागलं. चाचांनी त्याच क्षणी इंजिनवरचा चिमटा ओढून काढला. ही घाई हवीच, कारण मोठ्या गाडीचा अल्टरनेटर छोट्या बॅटरीत झेपणार नाही एवढा करंट कोंबू शकतो.

"तीन सेकंदांसाठी मोठी टाकी कशाला" हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. चार्ल्स केटरिंगने 1912 च्या कॅडिलॅकसाठी इलेक्ट्रिक स्टार्टर बनवला. इंजिन फिरवण्याएवढी मोटर गाडीत मावणारच नाही, असं तेव्हा मानलं जायचं. केटरिंग आधी गल्ल्याच्या मशीनसाठी मोटर बनवत होता. काही क्षणच चालायचं असेल तर छोट्या मोटरलाही तिच्या ऐपतीबाहेर राबवता येतं, हे त्याला तिथेच कळलं होतं. आज तळहाताएवढे लिथियमचे जंप स्टार्टर मिळतात. त्यांचीही टाकी लहान, तोटी प्रचंड.

करून बघणाऱ्यांसाठी मात्र एक सांगतो: 3-4 एएचच्या कम्यूटर बाईकवर हा खेळ करू नका, तोटी खरंच बारीक असते. जुन्या राजदूतवर तर नाहीच, ती 6 व्होल्टची.

आजोबांचं मशीन सहा वाजून पाच मिनिटांनी लागलं. दुपारी मामाने नवी बॅटरी बसवली. केबलचे ते दोन तुकडे चाचांनी परत घेतले नाहीत, ते मामाच्या डिकीत आहेत. बुलेट त्या सकाळी सेल्फवरच सुरू झाली. चाचांनी तरी उगाच किक मारून दाखवली.