भिगवण, ३०० एमएम आणि एक आजी

कॅनन की निकॉन? झूम की प्राइम? कॅमेऱ्याची दुसरी लेन्स घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला पडणारे हे प्रश्न. आमच्या प्रतिनिधीला त्यांची उत्तरं शोरूममध्ये नाही, उजनीच्या काठावर मिळाली.

‘कॅनन की निकॉन?’ हा प्रश्न पुण्यात चारचौघांत टाकून बघा. मिसळ कुठली बेस्ट यावरून होतात त्याहून जोरदार भांडणं होतील. त्यात आता सोनीवाले आणि फुजीवालेही हिरिरीनं उतरलेत. आमच्या ग्रुपमध्ये एक कॅननवाला आहे आणि एक निकॉनवाली. दोघंही आयटीतले, दोघांचेही पगार महिन्याच्या एक तारखेला जमा होणारे. मी फ्रीलान्सर. माझं पेमेंट ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ या तारखेला होतं! त्यामुळे लेन्स घेणं हा त्यांच्यासाठी शौक, माझ्यासाठी मात्र तीन महिन्यांचं बजेट.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे चारला आम्ही तिघं भिगवणला निघालो. उद्देश एकच, फ्लेमिंगो. आणि मनात ठरवलेला दुसरा उद्देश असा की, या ट्रिपमध्ये आपली दुसरी लेन्स कुठली हे एकदाचं फायनल करून टाकायचं.

गाडीतलं महायुद्ध

हडपसर ओलांडायच्या आतच दोघांची जुंपली. निकॉनवालीचं म्हणणं, ‘आमचं एफ माउंट १९५९ पासूनचं. आजोबांची लेन्स नातीच्या डीएसएलआरला बसते.’ कॅननवाल्याचं उत्तर तयारच होतं. ‘आम्ही १९८७ मध्येच जुनं माउंट टाकून दिलं, म्हणून तर आमच्या सगळ्या ईएफ लेन्समध्ये स्वतःची मोटर आली. तुमच्यासारखं बॉडीत मोटर आहे की नाही ते बघत बसावं लागत नाही.’ यवतला चहाला थांबलो तोवर गाडी २०१८ वर आली होती. त्या वर्षी दोन्ही कंपन्यांनी मिररलेससाठी नवीकोरी माउंट काढली, कॅननचं आरएफ आणि निकॉनचं झेड. सोनी मात्र त्या मैदानात २०१० पासूनच उतरली होती, त्यामुळे तिच्यासाठी इतर कंपन्यांनी बनवलेल्या लेन्सची भरपूर चॉइस आहे.

खरं सांगू? दोघंही बरोबर होते आणि त्यामुळे मला काहीच फरक पडत नव्हता. मी वर्षभरापूर्वी निकॉन डी५६०० ची सेकंडहँड बॉडी घेतली, ती काही एफ माउंटचा इतिहास वाचून नाही. निकॉनवाली माझी शेजारीण आहे आणि तिची लेन्स मला उधार मिळते, हे एक कारण. दुसरं म्हणजे मामाकडे जुनी ५० एमएम लेन्स पडून होती. ती ‘फुकटात मिळाली’ म्हणून मी खूश झाले, घरी आणून लावली आणि मग कळलं की माझ्या बॉडीत फोकस फिरवणारी मोटरच नाही! लेन्स बसते, एक्सपोजर बरोबर दाखवते, फोकस मात्र हातानं करायचा. शिवाय लेन्सवरची छिद्राची रिंग २२ वर लॉक केली नाही तर कॅमेरा एरर देऊन रुसतो. गृहपाठ माझाच कच्चा होता. फुकट लेन्सनं मला पहिला धडा दिला. ‘बसते’ आणि ‘चालते’ हे दोन वेगळे शब्द आहेत.

नावेत बसला की सगळे सारखे

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं सुमारे १०० किलोमीटरवर भिगवण, आणि तिथून आत कुंभारगाव. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा इथवर पसरला. या उथळ पाण्यात, चिखलात भरपूर खाणं मिळतं म्हणून हिवाळ्यात पक्षी येतात. गावातले मच्छीमारच नावेतून फिरवतात.

साडेसहाला नाव निघाली. धुकं, थंडी आणि डोक्यावरून ओरडत जाणारे कुरव. किनाऱ्याजवळ चित्रबलाक आणि राखी बगळे अगदी पोज दिल्यासारखे उभे. माझी किट लेन्स १८-५५. तीत बगळा बरा आला. मग नावाड्यानं लांब बोट दाखवलं, ‘त्ये बघा, रोहित.’ पाण्यावर एक फिकट गुलाबी रेघ होती. माझ्या ५५ एमएममध्ये ती टूथपेस्टच्या डागासारखी दिसत होती.

निकॉनवालीनं मोठ्या मनानं तिची ७०-३०० माझ्या हातात ठेवली. ३०० वर डोळा लावला आणि काय सांगू! त्या रेघेचे एकदम पक्षी झाले. बाकदार चोच पाण्यात उलटी घालून चिखल गाळणारे, एका पायावर उभे राहून झोपलेले, मधेच पंख उघडून आतला लाल रंग दाखवणारे. डीएसएलआरच्या छोट्या सेन्सरमुळे ३०० चा नजारा ४५० इतका जवळ येतो. पण हातातली थरथरही तितकीच मोठी होते. सूर्य वर येईपर्यंत माझे निम्मे फोटो हलले. १/५०० सेकंदाच्या वर शटर गेलं तेव्हा कुठे पिसं दिसायला लागली.

कॅननवाल्याला उडणारा थवा हवा होता. ‘दादा, जरा जवळ घ्या ना, उडतील.’ नावाड्यानं इंजिन कधीच बंद केलं होतं, तो बांबूनं नाव ढकलत होता. तो म्हणाला, ‘उडिवलं की त्यांचं खाणं मोडतं साहेब. दर नावेनं उडिवलं तर उद्या हितं कोण बसंल?’ कॅननवाला गप्प. निकॉनवालीही गप्प, आणि त्या सकाळी दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. तासाभरानं थवा आपणहून उडाला आणि तिघांनीही पोटभर फोटो काढले. परतताना मी ठरवून टाकलं होतं. दुसरी लेन्स ७०-३००. विषय संपला.

जेवायच्या वेळी

पण विषय संपला नव्हता. जेवण नावाड्याच्या घरी होतं. चिलापी फ्राय, झणझणीत कालवण, गरम भाकरी. पत्र्याचं छप्पर, एकच खोली, एकच खिडकी. खिडकीशी नावाड्याची आई शेंगा फोडत बसली होती. माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून तिनं विचारलं, ‘पाखरांचं काढलं का फोटू?’ दाखवले. तिनं बराच वेळ बघितले आणि म्हणाली, ‘तुमी सकाळी ज्या पाण्यावर हिंडला ना, त्याच्याखाली आमचं गाव हाय.’

मी फोटो दाखवायची थांबले. धरण झालं तेव्हा तिचं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. घर, वाडगं, विहीर, पिंपळाचा पार, सगळं पाण्यात. जवळच्या पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळही असंच बुडालं. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की ते बाहेर येतं आणि लोक बघायला जातात. ‘आमच्या गावाचं काय बी वर येत नाही,’ ती म्हणाली. गावाचा एकही फोटो नाही. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, त्याचाही धड फोटो नाही. आणि मग एकदम हसून, ‘माझा एक चांगला काढ की गं. आधारवरचा बघून नातवंडं भितात.’

मी लगेच उठले. ३०० वाली लेन्स लावली, तर ७० वरही तिचा फक्त चेहरा मावत होता. मागे सरकले तर पाठ भिंतीला टेकली. किट लेन्स लावली. ५५ वर तिचं छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठं होत नाही. आयएसओ ६४०० केलं, तरी शटर १/१० सेकंद. लेन्समधल्या व्हायब्रेशन रिडक्शननं माझा हात स्थिर केला, पण आजी बोलत होती, हसत होती, तिला कोण स्थिर करणार? फ्लॅश मारला तर आधारकार्डच! वीस फोटो काढले. छोट्या स्क्रीनवर बरे वाटले. ‘पाठवते हं आजी,’ म्हणून निघाले.

घरी लॅपटॉपवर उघडले. वीसच्या वीस हललेले.

लेन्सचा हिशोब

त्या रात्री मी फ्लेमिंगो बाजूला ठेवले आणि वर्षभराचे फोटो उघडले. प्रत्येक फोटोसोबत फोकल लेंथ, छिद्र, शटर अशी सगळी माहिती कॅमेरा लिहून ठेवतो, ती आपण कधी बघतच नाही. बघितली आणि चाट पडले. दहातले आठ फोटो माणसांचे होते. मंडईतली पहाट, मैत्रिणीचं केळवण, गणपतीतल्या ढोलपथकाची प्रॅक्टिस, मुलाखती. बहुतेक ३० ते ५५ एमएमच्या मधले. आणि जे बिघडले होते त्यांचं कारण ‘लांब राहिलं’ हे नव्हतं, ‘उजेड नव्हता’ हे होतं. पक्ष्यांचे फोटो मी वर्षातून एक दिवस काढते. माणसांचे रोज.

म्हणजे हवी होती उजेड गोळा करणारी लेन्स. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ मधून साधारण दहापट उजेड येतो. म्हणजे त्याच खोलीत, त्याच आयएसओला १/१० च्या जागी १/१०० सेकंद. आजी हसली तरी चालेल!

मग पुढचा प्रश्न, ३५ की ५०? ‘पोर्ट्रेट म्हणजे ५०’ असं सगळेच सांगतात. मी एक साधा प्रयोग केला. एका रविवारी किट लेन्सचा झूम ३५ वर ठेवून चिकटपट्टी लावली आणि दिवसभर तसेच फोटो काढले. पुढच्या रविवारी ५० वर. दुसऱ्या रविवारी मी आमच्या स्वयंपाकघरात आईचा फोटो काढायला मागे सरकत सरकत फ्रिजवर आदळले. छोट्या सेन्सरवर ५० ची ७५ होते. बागेत, हॉलमध्ये मस्त, पण दहा बाय दहाच्या खोलीत भिंत आड येते. ३५ ची साधारण ५२ होते, म्हणजे माणूसही येतो आणि त्याच्या मागची खिडकीही. निर्णय झाला. एफ १.८ वाली ३५, आणि लेन्समध्ये मोटर असलेली! सेकंडहँड घेतली. बुरशी आहे का ते टॉर्चच्या उजेडात तपासून, माझ्याच बॉडीवर लावून, दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याचे दहा फोटो काढून. ७०-३०० शेजारी आहेच. वर्षातून एकदा उधार!

मे महिन्यात

मेमध्ये पुन्हा कुंभारगावला गेले, एकटी, एसटीनं आणि मग रिक्षानं. पाहुणे पक्षी केव्हाच परतले होते. पाणी लांब मागे सरकलं होतं, भेगाळलेला चिखल आणि मरणाचं ऊन. माझ्याशिवाय पर्यटक म्हणून कोणी नव्हतं.

आजीनं ओळखलं. ‘फोटू कुठंय?’ हा पहिला प्रश्न. ‘बिघडला होता आजी, परत काढते,’ म्हटल्यावर ती म्हणाली, ‘मला वाटलंच, कुणी पाठवत नसतं.’ हे लागलं, कारण खरंच होतं. मी लेन्सचा विचार करत बसले होते आणि तिनं तीन महिने वाट बघून सोडून दिली होती. हलका का होईना, एक फोटो तरी पाठवता आला असता.

ती लुगडं बदलून आली. तीच खिडकी, तीच जागा. पहिले फोटो एफ १.८ वर काढले तर एक डोळा लख्ख आणि दुसरा धूसर. मग छिद्र २.८ केलं. मी फूटभर पुढे सरकले आणि तिला विचारलं, तुमच्या गावात घर कुठे होतं? तिनं हातानं दाखवायला सुरुवात केली. हा पार, ही विहीर, इथून वळलं की आमचा दरवाजा. बोलताना तिची नजर खिडकीबाहेर, पाण्याकडे गेली. तो फोटो आला.

पुण्यात येऊन आठ बाय बारा इंचांचा मॅट प्रिंट काढला आणि या वेळी त्याच आठवड्यात पाठवला. चार दिवसांनी नावाड्याचा व्हॉट्सअॅप आला. भिंतीवर फ्रेम, तिला झेंडूचा नाही तर प्लॅस्टिकच्या गुलाबांचा हार. शेजारी आजी स्वतः उभी. फोटो मोबाइलवर काढलेला, तिरका, काचेवर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. खाली मेसेज होता, ‘आई म्हणती हार जित्या माणसाला घालत नसत्यात, पण फोटू झ्याक हाय म्हणून घातला.’

कॅननवाल्याला दाखवला. त्यानं झूम करून बघितला आणि विचारलं, ‘कुठल्या लेन्सनं काढला?’

दुसरी लेन्स घेताय?

● ब्रँड निवडताना आधी बघा, उधार लेन्स देणारे मित्र कुठल्या ब्रँडचे आहेत.

● वर्षभराचे फोटो उघडा. जास्तीत जास्त फोटो कुठल्या फोकल लेंथचे, आणि बिघडलेले कशामुळे बिघडले? अंतरामुळे की उजेडामुळे?

● झूमला चिकटपट्टी लावून एक रविवार ३५ वर, एक ५० वर काढा. फुकट ट्रायल!

● जुनी लेन्स घेताना तुमच्या बॉडीवर ऑटोफोकस होतो का ते लावून बघा.

● मिररलेस घेणार असाल तर कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स कंपनीच्या अॅडॅप्टरवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॅप्टरवर मोटर नसलेल्या जुन्या लेन्सचा फोकस हातानंच करावा लागतो.

भिगवणला जाताय?

● पक्ष्यांसाठी हिवाळा उत्तम. पहाटे निघा, सूर्योदयाला नावेत असा.

● नावाड्याला पक्षी उडवायला सांगू नका.

● कोणाला फोटो पाठवायचं कबूल केलंत, तर पाठवा.