मुक्या यंत्राची भाषा

यंत्राशी माणसाची ओळख होते ती बहुधा कानाने. आमच्या पलूस भागात हे कुणाला सांगायला नको. उसाच्या ट्रॉलीला ओझे जास्त झाले, की चढावर ट्रॅक्टर काय म्हणतो ते घरात बसून कळते. विहिरीवरच्या मोटरचा एक फेज गेला, की ती कण्हू लागते आणि आमचे आबा जेवत्या ताटावरून उठतात. आबा चौथी शिकलेले. पण मोटरचे चालणे आणि कण्हणे यांतला फरक त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकवलेला नाही.

पुढे बोअर आले आणि मोटर जमिनीच्या पोटात गेली. सबमर्सिबल मोटरचा आवाज वर येत नाही. बोअरचे पाणी तुटले, मोटर कोरडी फिरू लागली, तरी स्टार्टरच्या पेटीपाशी शांतताच. तेव्हा आबा पेटीवरचा अँपिअर मीटर वाचू लागले. काटा नेहमीच्या जागेवरून खाली उतरला की पाणी तुटले, फार वर चढला की मोटर अडते आहे. बहिणीच्या नेलपॉलिशने त्यांनी मीटरच्या काचेवर एक लाल रेघही ओढून घेतली. यंत्र मुके झाले आणि कानाचे काम डोळ्यांकडे आले.

विजेवर चालणाऱ्या विमानांविषयी वाचताना मला सारखी ही रेघ आठवत होती.

१० जून २०२० रोजी स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीच्या ‘वेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनी विमानाला युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने मान्यता दिली. संपूर्णपणे विजेवर चालणाऱ्या विमानाला अशी मान्यता मिळण्याची जगातील ही पहिलीच वेळ. ते घडवले आहे मुख्यतः शिकाऊ वैमानिकांसाठी. वजन उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त ६०० किलो, आणि एका चार्जिंगवर उड्डाण सुमारे ५० मिनिटांचे. एवढ्याने प्रवास होणार नाही. पण धावपट्टीभोवती घिरट्या घालत चढणे-उतरणे गिरवायला तेवढा वेळ पुरतो.

पेट्रोलच्या विमानात शिकणाऱ्याचा कान आपोआप तयार होतो. इंजिन अडखळले, मिश्रण बिघडले, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू लागले, की आवाज नाहीतर थरथर आधी सांगते. विजेच्या विमानात हे दुखणेच नाही. मिश्रणाचा दांडा नाही, कार्ब्युरेटर नाही. शक्ती कमी-जास्त करणारा एकच दांडा. मात्र दुखणी गेली तशी ती सांगणारी वाणीही गेली. बॅटरी तापते ती आवाज न करता, आणि संपत येते तीही आवाज न करता.

म्हणून या विमानात समोरच्या स्क्रीनला बोलावे लागते. बॅटरीत किती टक्के वीज उरली, बॅटरीची प्रकृती कशी आहे, तापमान किती, मोटर किती किलोवॅट ओढते आहे, या वेगाने किती मिनिटे उडता येईल, हे सारे तिथे आकड्यांत आणि रंगांत उमटते. हे आकडे नुसते पाहून भागत नाही. पेट्रोल जळेल तसे विमान हलके होते; बॅटरी रिकामी झाली तरी वजन तेवढेच राहते. शिवाय बॅटरी उतरत आली की ती पूर्ण जोरही देऊ शकत नाही. उतरताना ऐनवेळी धावपट्टीवर काही आडवे आले, तर पुन्हा वर उठायला जोर लागतो. तेव्हा ‘इतके टक्के उरले’ याचा अर्थ ‘आणखी एकदा उठता येईल की नाही’ असा लावता आला पाहिजे. आकडा स्क्रीन देते. अर्थ माणसाने लावायचा.

स्क्रीन आली म्हणजे सुरक्षितता आली, असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० साली काटेवाल्या आणि स्क्रीनवाल्या लहान विमानांची तुलना प्रसिद्ध केली. स्क्रीनवाल्या विमानांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचे प्रमाण अधिक. मंडळाने सांगितले, वैमानिकांना या यंत्रणेचे खास शिक्षण द्या. म्हणजे उणीव वाचणाऱ्याच्या तयारीतही होती. शिवाय ज्याचे डोळे आतच खिळले, त्याला बाहेरचे आकाश कोण दाखवणार?

इथे मला आमच्या शेजारच्या किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर रंग सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले. आणि १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर त्यांनी कारखान्याची वसाहत उभी केली. आज वैमानिकालाही रंगदृष्टीची परीक्षा द्यावी लागते, कारण स्क्रीनवरचा हिरवा, पिवळा आणि तांबडा हीच तिची वर्णमाला. पण मला त्यांच्या आयुष्यातून वेगळेच दिसते. कला आणि यंत्र यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नसते.

ही भिंत मात्र अजून नियमांत आहे. व्यावसायिक वैमानिक व्हायचे तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, ही अट गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात आली. २०२५ साली ती काढण्याचा विचार सुरू असल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षी बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत ‘ई-हंसा’ हे विजेवर चालणारे शिकाऊ विमान तयार होत असल्याचे केंद्रीय विज्ञानमंत्र्यांनी जाहीर केले. किंमत सुमारे दोन कोटी, परदेशी शिकाऊ विमानांच्या निम्मी. विमान स्वस्त झाले आणि पेट्रोलचा खर्च वाचला, तर शिकण्याची फी थोडी तरी खाली यावी. बारामतीत वैमानिक घडवणाऱ्या संस्था आहेत. पलूसपासून ते गाव दूर नाही, दूर आहे ती फी.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. मला गणित सोडवून उडायचे नाही, असे कुणी समजू नये, गणित लागतेच. माझे म्हणणे एवढेच, की थोडक्यात सांगितलेल्या खुणेमागचा पूर्ण अर्थ ओळखणे, आणि तो वेळेत ओळखणे, हे आम्ही इथे भाषेच्या वर्गात रोज शिकतो. यंत्रे जसजशी मुकी होतील, तसतशी या विद्येची गरज वाढेल. त्या दिवशी कॉकपिटच्या दारात आमच्या गावचा पोरगा किंवा पोरगी उभी राहिली, तर तिला आधी विचारावे, ‘हे वाचता येते का?’ शाखा मग विचारावी.