विजेची मोटार : कागदावरचे किलोमीटर आणि रस्त्यावरचे

विजेची मोटार घ्यावी की पेट्रोलची, हा प्रश्न पूर्वी आपल्या वस्त्यांत कोणी विचारत नव्हते. आता विचारतात. मुलगा कंपनीत कायम झाला, मुलगी नोकरीला लागली, की घरात गाडीचा विषय निघतो. आमच्या घरात तो हौसेपोटी निघाला नाही. आईंच्या डायलिसिसपायी निघाला.

राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावापासून नगरचा दवाखाना ४० किलोमीटर. आठवड्यातून तीन वेळा जायचे आणि यायचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते, म्हणून उपचाराला पैसे लागत नाहीत. पण रस्ता काही योजनेत बसत नाही. जाताना एसटी चालते, येताना चालत नाही. चार तास यंत्राला लागून उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला स्टँडवर ताटकळत कसे ठेवायचे? भाड्याच्या गाडीला फेरीमागे १२०० रुपये पडत. महिन्याला १३ फेऱ्या, म्हणजे १५,६०० रुपये. एवढ्या पैशांत स्वतःच्या गाडीचा हप्ता आणि खर्च बसतो का, असा आमचा साधा हिशेब होता. मुलगा एमआयडीसीत पाळीवर, पण सूनबाई गाडी चालवायला शिकलेली. मग आम्ही दोघे नवराबायको, मुलगा आणि सून असे चौघे २०२५ च्या दिवाळीआधी गाड्या बघायला निघालो.

दुकानात गेलो की पहिला शब्द कानावर पडतो तो ‘किलोवॅट अवर’चा. घाबरायचे कारण नाही. घरच्या विजेच्या बिलावर जे युनिट असते तेच हे. २४ किलोवॅट अवरची बॅटरी म्हणजे २४ युनिटांची टाकी. आपल्या नगरकरांना हे लुनावरून चटकन कळेल. १९७२ पासून किनेटिकची लुना आली आणि नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्याने तिला घराघरांत नेले. तीच लुना फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेवर आली. तिची टाकी २ युनिटांची आणि कंपनीचा आकडा ११० किलोमीटरचा. मोटार जड, तिला युनिटे जास्त लागणार. मोटारीची टाकी किती आणि ती आपल्या रस्त्यावर किती पळते, एवढे दोन आकडे कळले की निम्मे काम झाले.

आता ज्या गाड्या आम्ही पाहिल्या त्या अशा. किमती त्या बाजारात आल्या तेव्हाच्या देतो, पुढे त्या खालीवर झाल्या आहेत.

एमजीची कॉमेट २०२३ साली ७ लाख ९८ हजारांपासून आली. टाकी १७.३ युनिटांची, कंपनीचा आकडा २३० किलोमीटर. लांबीला तीन मीटरहूनही कमी, त्यामुळे नगरच्या कापड बाजारातसुद्धा वळेल. पण दारे दोनच. मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरावे लागते. शिवाय महामार्गावरच्या जलद चार्जरची सोय या गाडीला नाही.

टाटांची टिआगो सप्टेंबर २०२२ मध्ये ८ लाख ४९ हजारांपासून आली. दारे चार. टाकी १९.२ किंवा २४ युनिटांची, कंपनीचे आकडे २५० आणि ३१५ किलोमीटर. जलद चार्जरवर तासाभरात टाकी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरते. घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर मोठी टाकी भरायला पावणेनऊ तास लागतात, म्हणजे एक रात्र.

टाटांचीच पंच जानेवारी २०२४ मध्ये १० लाख ९९ हजारांपासून आली. टाकी २५ किंवा ३५ युनिटांची, आणि बसायची जागा उंच. आई तिच्यात बसल्या आणि म्हणाल्या, “ही बरी हाय, गुडघं वाकवावं लागत नाहीत.” पण ती आमच्या ऐपतीबाहेर होती. एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा तिची नवी तऱ्हा होती : गाडी ९ लाख ९९ हजारांना, बॅटरी मात्र भाड्याने, किलोमीटरमागे साडेतीन रुपये. आमच्या महिन्याच्या ११०० किलोमीटरला हे भाडेच ३,८५० रुपये झाले असते, विजेचे बिल वेगळे. ज्याची गाडी कमी फिरते त्याला ही तऱ्हा परवडेल, रोजच्या फेऱ्यांना नाही.

दुकानातले सगळे गोड बोलतात. म्हणून गाडी वापरणाऱ्यांनाच विचारायचे आम्ही ठरवले. पाव्हण्यारावळ्यांतून ओळखी काढत चार-पाच जणांना गाठले. कोणाच्या गाडीत काय बिघडले हे लिहिताना गाडीचे नाव घालत नाही, कारण एका गाडीवरून सगळ्या कंपनीला बोल लावणे बरे नव्हे.

संगमनेरच्या एका गुरुजींनी २०२० सालची नेक्सॉन घेतलेली. टाकी ३०.२ युनिटांची, कागदावर ३१२ किलोमीटर. “रस्त्यावर दोनशे धरा,” ते म्हणाले. “एसी लावून ऐंशीच्या वेगाने पळवली तर त्याहून कमी. सावकाश चालवा, थोडी जास्त जाईल.” कागदावरचा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. आपले खड्डे, आपले ऊन, गाडीतली पाच माणसे आणि डिकीतले धान्याचे पोते त्या चाचणीत नसते. आम्ही ज्यांना ज्यांना विचारले त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आले : कागदावरच्या आकड्याचे दोन भाग खरे, तिसरा विसरून जा.

शिर्डीचे एक टॅक्सीवाले भाऊ भाविकांना शनिशिंगणापूरला नेऊन आणतात. एका फेरीला दीडशेच्या आसपास किलोमीटर होतात. ते म्हणाले, “एका फेरीला गाडी सोन्यासारखी. दुसरी फेरी मिळाली की गाडी मागते तासभर आराम, आन् गिऱ्हाईक थांबत नाय.” त्यात महामार्गावरचा चार्जर कधी बंद, कधी त्याच्यापुढे आधीच दोन गाड्या. म्हणून ते टाकी पाव उरली की थांबतात, शेवटच्या रेघेपर्यंत नेत नाहीत. पेट्रोलचे पैसे वाचतात हे मात्र त्यांनी दोनदा सांगितले.

श्रीरामपूरच्या एका परिचारिका ताईंच्या गाडीचा चार्जर बिघडला. सुटा भाग यायला तीन आठवडे लागले. पेट्रोलच्या गाडीला गावातला मेस्त्री हात लावतो, या गाडीला लावत नाही. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे एरवी देखभाल कमी. पण बिघडली तर मोठ्या शहरातल्या दुकानाशिवाय गत्यंतर नाही. हे दुकान घरापासून किती लांब आहे, हे गाडी घेण्याआधीच बघून ठेवावे, असे ताईंचे सांगणे.

सगळ्यात उपयोगाचे बोलले ते नगरच्या सावेडीतले एक वायरमन. त्यांनी स्वतः गाडी घेतलेली नाही, पण दहा-बारा घरांत प्लग बसवून दिले आहेत. “गाडी बघायच्या आधी घराची अर्थिंग बघा,” ते म्हणाले. अर्थिंग नीट नसेल तर पुष्कळ गाड्यांचा चार्जर लाल दिवा लावून बसतो, वीज घेतच नाही. आपल्या जुन्या घरांत तिसरे भोक नुसते शोभेला असते. खिडकीतून लांब वायर काढून साध्या बोर्डावर गाडी लावली तर बोर्ड वितळतो, आग लागू शकते.

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही गाडीआधी घराचे काम केले. अंगणात खड्डा घेऊन तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा घातला. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायचे, कारण कोरड्या जमिनीत अर्थिंग मरते. मीटरपासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वेगळी ओढली, तिला स्वतंत्र स्विच आणि गळती झाली की वीज तोडणारे यंत्र बसवले. मीटरचा मंजूर भार वाढवून घेतला.

मग गाडी घेतली. नवी नव्हे, दोन वर्षे वापरलेली टिआगो, २४ युनिटांची, साडेसहा लाखांना. दीड लाख निवृत्तीच्या पैशांतले, पाच लाख कर्ज. पाच वर्षांचा हप्ता १०,९०० रुपये. बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर असते, त्यातली सहा वर्षे शिल्लक. ही हमी दुसऱ्या मालकाला मिळते का, हे लेखी घेतले. बॅटरीची किती ताकद उरली आहे त्याचा तपासणीचा कागद मागितला, मगच पैसे दिले. वापरलेल्या गाडीत बॅटरी हाच जीव. ती बदलायची वेळ आली तर खर्च लाखांत जातो.

सहा महिन्यांची आमची वही सांगते ती अशी. नगरला जाऊन येऊन ८० किलोमीटर, एसी लावून, तिघेजण : पूर्ण भरलेली टाकी घरी येते तेव्हा साठ टक्क्यांच्या जवळपास उरते. म्हणजे जलद चार्जरची गरज एकदाही पडली नाही. घरच्या मीटरवर एका युनिटमागे सुमारे सात किलोमीटर पडतात. पूर्वी महिन्याला ९० युनिटे जळत, आता अडीचशेच्या आत. शंभराच्या पुढे युनिटचा दर चढतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. म्हणून बिल सव्वादोन हजारांनी वाढले. किलोमीटरला दोन रुपये धरा. पेट्रोलला लिटरमागे शंभराच्या वर मोजून, अठराच्या सरासरीने, तेवढ्याच प्रवासाला सहा हजारांहून जास्त लागले असते. हप्ता, वीज आणि विमा मिळून महिन्याला साडेचौदा हजार. भाड्याच्या गाडीपेक्षा हजारभर कमी, आणि पाच वर्षांनी हप्ता संपणार.

पैशांत न मोजण्यासारख्या गोष्टीही आहेत. उपचारानंतर आईंना पेट्रोलच्या वासाने मळमळायचे, ते थांबले. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, “चालू हाय का बंद?” आवाज नाही याचा तोटाही आहे. गल्लीतल्या पोरांना आणि शेळ्यांना गाडी आलेली कळत नाही. सूनबाई वस्तीत पायी चालल्यासारखी गाडी नेते. ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॉल्यांच्या मागे रांगत जाताना मात्र विजेची गाडी कमी खाते, कारण उभी असताना तिचे काही जळत नाही.

सरकारकडून मिळते तेही सांगून ठेवतो. नव्या विजेच्या मोटारीवर जीएसटी पाच टक्के आहे. लहान पेट्रोल गाड्यांवरचा २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दोन्हींतला फरक कमी झाला. महाराष्ट्रात विजेच्या मोटारीला वाहनकर माफ आहे, पेट्रोलच्या लहान मोटारीला तो अकरा टक्के पडतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. कोपरगाव-शिर्डीकडून नागपूरला जाणाऱ्यांना ती उपयोगी, आमच्या राहुरी-नगर फेरीला नाही.

एक गोष्ट मनात सलते. ही गाडी आम्हाला परवडली ती अंगण आणि मीटर स्वतःचे म्हणून. आमचे धाकटे बंधू नगरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. पगार आमच्या मुलापेक्षा जास्त, फिरणेही जास्त, म्हणजे बचतही जास्त झाली असती. पण गाडी उभी राहते रस्त्यावर आणि घरमालक वायर काढू देत नाही. त्यांना पेट्रोलच भरावे लागते. स्वस्त किलोमीटर आधी त्याला मिळतात ज्याच्याकडे जागा आहे. गृहनिर्माण संस्थेत किंवा घरकुलात नवे घर मिळत असेल, तर गाडीच्या जागेला प्लग आणि अर्थिंग आत्ताच मागून घ्या. गाडी पाच वर्षांनी आली तरी चालेल.

तेव्हा वाचकहो, दुकानात जाण्याआधी घरी बसून तीन गोष्टी वहीत लिहा. रोज किती किलोमीटर पडतात. प्लग कुठे असेल आणि तो कोणाच्या मालकीचा. बिघडली तर दुकान किती लांब. रोजचा आकडा कागदावरच्या आकड्याच्या निम्म्यात बसत असेल आणि प्लग आपला असेल, तर लहान टाकीची गाडीही पुरते, मोठ्या टाकीसाठी दोन लाख जास्त कर्ज काढू नका. रोज लांबचा पल्ला असेल, भाड्याचे घर असेल, तर आणखी थोडे थांबा. आणि घरात आजारी माणूस असेल, तर त्याला गाडीत बसवून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.